कॅशबॅक ते कॉलेज: खरेदीचे रिवॉर्ड ५२९ खात्यात नेमके कसे पोहोचवायचे

अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या बहुतेक मराठी घरांत दोन-तीन रिवॉर्ड कार्डं, एखादं कॅशबॅक पोर्टल आणि दुकानांची चार-पाच ॲप असतातच. ‘हे पैसे मुलांच्या कॉलेजसाठी’ असं ठरलेलंही असतं. वर्षाअखेरीस बघावं तर काही रक्कम ॲपमध्येच पडून असते, काही कार्डाच्या बिलात वळती झालेली असते, काही पॉइंटांची मुदत संपलेली असते आणि कॉलेजच्या खात्यात शून्य. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. सुरुवात कार्डापासून होते, खातं शेवटी उघडायचं ठरतं आणि ते ‘शेवटी’ काही येत नाही. म्हणून इथला क्रम उलटा आहे. आधी ५२९ खातं (राज्यांच्या प्लॅनमधलं, शिक्षणासाठीचं करसवलतीचं गुंतवणूक खातं), मग ठरावीक मासिक रक्कम, मग कार्ड, आणि त्यानंतर पोर्टल.

अपेक्षा किती ठेवायची तेही आधीच पाहून घेऊ. महिन्याला २,५०० डॉलरचा खर्च २ टक्के देणाऱ्या कार्डावरून केला तर ५० डॉलर सुटतात. ते दरमहा गुंतवले आणि वर्षाला ५ टक्के वाढ धरली (ही हमी नव्हे, हिशोबापुरता आकडा), तर १८ वर्षांत साधारण १७,४०० डॉलर होतात. त्यातले १०,८०० तुम्हीच घातलेले असतात. मूल दहा वर्षांचं झाल्यावर जाग आली तर हातात आठच वर्षं उरतात आणि रक्कम ५,९०० च्या आसपास थांबते. अनेक खासगी विद्यापीठांचा एका वर्षाचा खर्च आता ८०,००० डॉलरच्या वर आहे. म्हणजे रिवॉर्ड ही कॉलेजची योजना नव्हे, मूळ बचतीला लावलेली जोड आहे. जोड म्हणून मात्र ती चांगलीच उपयोगी पडते.

## तयारी: बसण्याआधी काय हाताशी हवं

मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन (तो नंबर नसलेल्यांना मिळणारा टॅक्स नंबर), जन्मतारीख, तुमचा स्वतःचा नंबर, अमेरिकेतला पत्ता, चेकिंग खात्याचा राउटिंग आणि अकाउंट नंबर. तुमच्या पश्चात खातं कोण सांभाळणार त्याचं नावही ठरवून ठेवा. फॉर्ममध्ये तो रकाना असतो आणि घाईत लोक तो रिकामा सोडतात.

‘आम्ही एच-१बी वर आहोत, आम्हाला चालतं का?’ हा प्रश्न हमखास येतो. खातं उघडायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागत नाही. वैध टॅक्स नंबर आणि इथला पत्ता असला की सहसा पुरतं.

यानंतर दोन कागद तयार करा. एकावर गेल्या बारा महिन्यांचा खर्च गटवार लिहा: किराणा, पेट्रोल, ऑनलाइन खरेदी, बाहेरचं खाणं, बाकी सगळं. दुसऱ्यावर आत्ता कुठे कुठे रिवॉर्ड पडून आहेत ते, रकमेसह आणि मुदतीसह. हा दुसरा कागद बघून बरेच जण दचकतात.

सावधान: एखाद्या कार्डावर थकबाकी पुढे ओढली जात असेल, तर इथेच थांबा. वर्षाला २४ टक्के व्याज म्हणजे महिन्याला २ टक्के. एकच महिना बिल अर्धवट राहिलं तरी त्या रकमेवरचं रिवॉर्ड संपलं. दुसऱ्या महिन्यापासून तुम्ही पदरचे भरता. आधी थकबाकी फेडा, मग पुढचं वाचा.

## टप्पा १: ५२९ खातं आधी उघडा

५२९ खात्यात पैसे घालताना केंद्राच्या टॅक्समध्ये सूट मिळत नाही. पण आतली वाढ करमुक्त राहते आणि पात्र शैक्षणिक खर्चासाठी काढलेल्या रकमेवर केंद्राचा टॅक्स लागत नाही. राज्याचं गणित मात्र वेगळं असतं आणि प्लॅनची निवड तिथेच ठरते.

पहिला प्रश्न: तुमचं राज्य सूट देतं का? न्यूयॉर्कमध्ये राज्याच्या प्लॅनमध्ये घातलेल्या रकमेवर एकट्याला ५,००० आणि जोडप्याला १०,००० डॉलरपर्यंत वजावट आहे. कॅलिफोर्नियात काहीच नाही. टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, त्यामुळे सूट कुठली! पेनसिल्व्हेनिया आणि ॲरिझोना ही राज्यं कुठल्याही राज्याच्या प्लॅनला सूट देतात. तुमच्या राज्यात सूट फक्त स्वतःच्या प्लॅनला असेल तर तोच घ्या. नसेल तर देशातला कमी खर्चाचा कुठलाही प्लॅन घ्यायला तुम्ही मोकळे आहात.

दुसरा प्रश्न खर्चाचा. थेट स्वतः उघडायचा प्लॅन घ्या. सल्लागारामार्फत विकल्या जाणाऱ्या प्लॅनमध्ये बऱ्याचदा विक्रीचं कमिशन कापलं जातं. दोन टक्के कॅशबॅक गोळा करून कमिशनात घालवायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

गुंतवणुकीचा पर्याय निवडताना अडलात तर मुलाच्या वयानुसार आपोआप सौम्य होत जाणारा पर्याय घ्या. आधीच घातलेल्या रकमेची गुंतवणूक वर्षातून दोनदाच बदलता येते, त्यामुळे रोज बाजार बघून फेरफार करायची सोयच नाही. माझ्या मते हे बरंच आहे.

खातं पालकाच्या नावावर आणि मूल लाभार्थी, अशी रचना ठेवा. फाफ्साच्या (कॉलेजसाठी आर्थिक मदत मागायच्या केंद्राच्या अर्जाच्या) हिशोबात पालकांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग धरला जातो. दोन मुलं असतील तर दोन खाती काढा. एकाच खात्यात सगळं घालून ‘नंतर वाटू’ म्हणणाऱ्यांची पुढे वाटणीवरून तारांबळ उडते. मूल अजून जन्मायचं असेल तर खातं स्वतःला लाभार्थी करून उघडता येतं आणि नंतर नाव बदलता येतं.

लवकर उघडण्याचा आणखी एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. उरलेले पैसे लाभार्थीच्या रॉथ आयआरएमध्ये (निवृत्तीसाठीच्या करसवलतीच्या खात्यात) हलवण्याची सोय २०२४ पासून सुरू झाली आहे. मर्यादा आयुष्यभरात ३५,००० डॉलर, पण खातं किमान १५ वर्षं जुनं हवं. घड्याळ खातं उघडल्यापासून चालतं, मग आत पन्नास डॉलर असोत की पन्नास हजार.

तपासून घ्या: प्लॅनची किमान रक्कम भरा आणि ती नुसती ‘मिळाली’ नव्हे तर ‘गुंतवली’ अशी दिसेपर्यंत थांबा. बँक जोडताना एक आकडा चुकला की पैसे परत येतात, आणि हे कळायला कधी कधी आठवडे जातात.

## टप्पा २: मासिक रक्कम बँकेतून लावा, रिवॉर्डची वाट पाहू नका

एकच टप्पा पाळायचा असेल तर हा पाळा.

लोक रिवॉर्ड ‘जमा झाल्यावर’ पाठवायचं ठरवतात. पण रिवॉर्ड एका जागी आणि एका वेळी जमा होतच नाहीत. राकुटेन हे कॅशबॅक पोर्टल तीन महिन्यांतून एकदा पैसे देतं. कार्डाचे पॉइंट मागितल्याशिवाय येत नाहीत. कॉस्टकोच्या एक्झिक्युटिव्ह सभासदत्वाचं २ टक्के रिवॉर्ड वर्षातून एकदा मिळतं आणि ते कॉस्टकोतच वापरावं लागतं. टार्गेटच्या कार्डावर ५ टक्के तिथल्या तिथे बिलातून कमी होतात, म्हणजे हातात येतच नाहीत. यातलं काहीही आपल्या पायांनी ५२९ खात्यात चालत जाणार नाही.

म्हणून असं करा:

१. तयारीतल्या दोन्ही कागदांवरून वर्षभरात सगळीकडून मिळून किती सुटेल याचा अंदाज काढा. तात्कालिक सूटही धरा. अंदाज जरा कमीच ठेवा.

२. त्याला बाराने भागा. समजा ६०० डॉलर आले, तर महिन्याला ५०.

३. ५२९ प्लॅनमध्ये दरमहा ५० डॉलर चेकिंग खात्यातून आपोआप जातील अशी सूचना लावा. तारीख पगारानंतरची दोन-तीन दिवसांची ठेवा.

४. यापुढे प्रत्येक रिवॉर्ड शक्य तिथे रोख स्वरूपात त्याच चेकिंग खात्यात येऊ द्या. गेलेली रक्कम ते भरून काढतील.

५. कॉस्टकोसारखं जे रोखीत येत नाही, ते किराण्यात वापरा. तेवढा किराणा खिशातून वाचला, तेव्हा त्याच दिवशी तेवढीच रक्कम ५२९ मध्ये वेगळी पाठवा. मासिक अंदाजात ती आधीच धरली असेल तर दुसऱ्यांदा पाठवायची गरज नाही.

यात आणखी एक सोय आहे. राज्याच्या टॅक्स वजावटीसाठी पैसे कोणी घातले हे स्पष्ट हवं. तुमच्या बँकेतून गेलेल्या रकमेबद्दल कुणाला शंका घ्यायला जागाच नसते.

तपासून घ्या: दोन महिने सलग रक्कम वेळेवर गेली का? गेली असेल तरच पुढच्या टप्प्याकडे वळा. कार्डाचे अर्ज आणि पोर्टलांच्या जाहिराती तोवर पळून जात नाहीत.

## टप्पा ३: कार्ड निवडताना फीचा भागाकार करा

सोपा मार्ग म्हणजे वार्षिक फी नसलेलं, सगळ्यावर सरसकट २ टक्के रोख देणारं एक कार्ड. सिटी डबल कॅश आणि वेल्स फार्गो ॲक्टिव्ह कॅश ही त्यातली. फिडेलिटी या गुंतवणूक कंपनीच्या रिवॉर्ड्स व्हिसा कार्डाचं वैशिष्ट्य असं की २ टक्के थेट फिडेलिटी सांभाळत असलेल्या ५२९ खात्यात जमा करता येतात. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, डेलावेअर, ॲरिझोना आणि कनेक्टिकट या राज्यांचे प्लॅन फिडेलिटीकडे आहेत. तुमचा प्लॅन त्यात असेल तर काम हलकं होतं. पण निव्वळ कार्डासाठी स्वतःच्या राज्याची टॅक्स सूट सोडून तिकडे जाऊ नका. सूट बहुतेक वेळा कार्डापेक्षा मोठी असते.

गटवार जास्त टक्के देणाऱ्या कार्डांत फी आली की भागाकार करा. अमेरिकन एक्सप्रेसचं ब्लू कॅश प्रिफर्ड सुपरमार्केटवर वर्षाला ६,००० डॉलरपर्यंत ६ टक्के देतं, फी ९५ डॉलर. त्याचंच बिनफीचं भावंड ३ टक्के देतं. फरक ३ टक्क्यांचा, म्हणजे ९५ भागिले ०.०३, साधारण ३,१७० डॉलर. वर्षाचा सुपरमार्केटचा खर्च त्याहून कमी असेल तर फीचं कार्ड तोट्यात जातं. शर्ती बदलत असतात; अर्ज करताना आकडे ताजे घेऊन भागाकार तोच करा.

आपल्या घरांची खरी गोम पुढे आहे. ‘सुपरमार्केट’ म्हणजे काय हे दुकानाच्या पाटीवरून नव्हे, त्याच्या व्यापारी कोडवरून ठरतं. कॉस्टको आणि वॉलमार्ट त्या गटात सहसा येत नाहीत. देसी किराणा दुकान कधी येतं, कधी नाही. एकाच नावाच्या दोन शाखांतही फरक सापडू शकतो. महिन्याचा मोठा किराणा भरण्याआधी छोटी खरेदी करा आणि स्टेटमेंटमध्ये किती टक्के पडले ते पाहा.

पॉइंट देणारी कार्डं या कामाला मला फारशी पटत नाहीत. त्यांचे पॉइंट प्रवासात जास्त किमतीचे आणि रोखीत बरेचदा कमी किमतीचे असतात. कॉलेजच्या नावाने जमवलेले पॉइंट शेवटी भारताच्या तिकिटात जातात. तिकीट काढा जरूर, पण मग ते कॉलेजच्या हिशोबात धरू नका.

सावधान: ‘कॉलेजची फीच कार्डावर भरू, तेवढं रिवॉर्ड मिळेल’ ही कल्पना जवळजवळ नेहमी फसते. कार्डावर फी घेणारी बरीच कॉलेजं त्यावर टक्केवारीत वेगळं शुल्क लावतात, आणि ते २ टक्क्यांहून जास्त असलं की हिशोब उलटा होतो. बँक खात्यातून भरा.

## टप्पा ४: कॅशबॅक पोर्टल वापरण्याचा क्रम

पोर्टलचं तंत्र साधं आहे. तुम्ही त्यांच्या दुव्यावरून दुकानाच्या साइटवर गेलात, अशी खूण ब्राउझरमध्ये राहते. दुकान पोर्टलला कमिशन देतं आणि पोर्टल त्यातला वाटा तुम्हाला देतं. खूण पुसली गेली की वाटा गेला. ‘मिळालंच नाही’ या तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं.

१. वस्तू आणि किंमत आधी पक्की करा. दुसरीकडे स्वस्त मिळत असेल तर पोर्टलचे ४ टक्के विसरा.

२. दुकानाची कार्ट रिकामी करा. आधीच भरून ठेवलेल्या कार्टवर कॅशबॅक अनेकदा नोंदला जात नाही.

३. ॲड-ब्लॉकर त्या वेळेपुरता बंद करा. कुपन शोधणारी इतर एक्स्टेन्शन तर बंद हवीतच. शेवटच्या क्षणी उगवून ‘कुपन लावू का?’ विचारणारी खिडकी पोर्टलची खूण पुसून स्वतःची लावू शकते.

४. पोर्टलमध्ये लॉगिन करा, दुव्यावर टिचकी मारा आणि त्याच टॅबमध्ये खरेदी संपवा. मध्येच फोनवरच्या ॲपमध्ये गेलात तर साखळी तुटते.

५. कुपन वापरायचंच असेल तर पोर्टलवर दिलेलंच वापरा.

६. ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

७. काही दिवसांनी पोर्टलमध्ये ‘पेंडिंग’ नोंद दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर ऑर्डर नंबर देऊन दावा करा. दाव्यालाही मुदत असते.

कॅशबॅक टॅक्स आणि डिलिव्हरी सोडून उरलेल्या रकमेवर मिळतो. गिफ्ट कार्डं बहुतेक ठिकाणी वगळलेली असतात. वस्तू परत केली की कॅशबॅकही परत जातो, म्हणून पेंडिंग रक्कम हिशोबात धरू नका.

राकुटेनची रक्कम फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या मध्यावर निघते, आणि शिल्लक पाच डॉलरच्या वर असावी लागते. तिथे पैसे रोखीत घ्यायचे की अमेरिकन एक्सप्रेसच्या पॉइंटमध्ये, ही निवड सेटिंगमध्ये असते. कॉलेजसाठी रोख ठेवा. अनेकांनी कधीतरी पॉइंट निवडलेले असतात आणि मग वर्षभर चेकची वाट पाहतात.

सावधान: ‘आज १५ टक्के’ असा ईमेल आला म्हणून घेतलेल्या वस्तूतून बचत होत नाही. ८५ टक्के गेलेलेच असतात. पोर्टलचे ईमेल बंद करा आणि गरज पडली की स्वतः जा.

## टप्पा ५: थेट जोडणारे कार्यक्रम

अपप्रॉमिससारखे कार्यक्रम खरेदीचं रिवॉर्ड ५२९ शी जोडतात. वापरायचं ठरवलं तर तीन गोष्टी पाहा: तुमचा प्लॅन त्यांच्या यादीत आहे का, किती रक्कम साठल्यावर ती हलते, आणि खातेदाराचं नाव दोन्हीकडे अक्षरशः तेच आहे का. आपल्याकडे मधलं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर आणि तिसरीकडे गायब, असा प्रकार असतो. जोडणी तिथेच अडकते.

असे कार्यक्रम कार्ड जोडायला सांगतात, म्हणजे तुमच्या खरेदीची नोंद त्यांना दिसते. मान्य असेल तर एकच क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट कार्ड देऊ नका.

‘ट्युशन रिवॉर्ड’ नावाचे पॉइंट देणारा सेज स्कॉलर्सचा कार्यक्रम वेगळ्या जातीचा आहे. हे पॉइंट म्हणजे पैसे नव्हेत, ठरावीक खासगी कॉलेजांच्या फीमधली सवलत आहे. नोंदणीच्या मुदती मूल बारावीत जाण्याच्या सुमारास संपतात आणि मूल सरकारी विद्यापीठात गेलं तर पॉइंटांचा उपयोग शून्य. फुकट मिळत असतील तर घ्या, पण बचतीच्या बेरजेत धरू नका.

## टप्पा ६: तीन महिन्यांनी एकदा, पंधरा मिनिटं

सगळी कार्डं, पोर्टल आणि ॲप उघडा, शिल्लक लिहा, निघेल ते काढा. अंदाजापेक्षा जास्त आलं असेल तर तेवढं ५२९ मध्ये जादा पाठवा. सलग दोनदा कमी आलं तर मासिक रक्कम लगेच घटवू नका. आधी कुठे गळतंय ते शोधा.

चौथ्या फेरीत टॅक्सकडे लक्ष द्या. राज्याच्या वजावटीसाठी बहुतेक ठिकाणी ३१ डिसेंबरच्या आत पैसे प्लॅनमध्ये पोहोचावे लागतात. काही राज्यं एप्रिलपर्यंत वेळ देतात. खरेदीवरचा कॅशबॅक हा किमतीतली सूट मानला जातो, त्यामुळे तो उत्पन्न म्हणून दाखवावा लागत नाही. मात्र नवं बँक खातं उघडल्याचा बोनस व्याजासारखा करपात्र असतो, आणि मित्राला कार्ड घ्यायला लावल्याचा बोनसही करपात्र. या दोन्हींवर १०९९ फॉर्म (टॅक्स खात्याला उत्पन्न कळवणारा कागद) येऊ शकतो.

## टप्पा ७: पैसे काढताना

ज्या कॅलेंडर वर्षात खर्च झाला त्याच वर्षात पैसे काढा. वसंत सत्राची फी डिसेंबरात भरून पैसे जानेवारीत काढले की वर्ष जुळत नाही.

सगळी फी ५२९ मधून भरू नका. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटसाठी (कॉलेजच्या खर्चावर केंद्राच्या टॅक्समध्ये मिळणाऱ्या सवलतीसाठी) तुम्ही पात्र असाल, तर फी आणि पुस्तकांचे ४,००० डॉलर बाहेरून भरा. त्यावर २,५०० डॉलरपर्यंत क्रेडिट मिळतं. एकाच खर्चावर दोन्ही फायदे घेता येत नाहीत.

फी, पुस्तकं, कॉम्प्युटर आणि इंटरनेट चालतात. राहण्या-जेवणाचा खर्च मूल किमान अर्धवेळ शिकत असेल तर चालतो, तोही कॉलेजने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत. घरी येण्या-जाण्याचं विमानभाडं आणि आरोग्य विमा चालत नाही. अपात्र खर्चासाठी काढलं तर वाढीच्या भागावर इन्कम टॅक्स आणि वर १० टक्के दंड लागतो. शिष्यवृत्ती मिळाली असेल तर तेवढ्या रकमेपुरते ते १० टक्के माफ होतात, पण इन्कम टॅक्स राहतो.

भारतात परतायचा विचार असेल तर दोन गोष्टी आधी पाहा. परदेशी कॉलेजची फी ५२९ मधून भरायची तर ते कॉलेज अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या विद्यार्थी-मदतीला पात्र असलेल्या संस्थांच्या यादीत हवं. नाव यादीत शोधूनच प्रवेश अर्जाचा हिशोब करा. आणि ५२९ ची करमाफी अमेरिकी कायद्याची आहे, ती भारतातल्या आयकरात आपोआप लागू होत नाही. परतण्याआधीच्या वर्षात दोन्हीकडचं जाणणाऱ्या सीएला खात्याची स्टेटमेंट दाखवा. प्लॅनकडे इथला पत्ता नसेल तर नवे पैसे घालता येतील का, हेही प्लॅनला फोन करून त्याच वेळी विचारून घ्या.